पाकीट पोहोचलं, घास पोहोचला का?

कुपोषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वस्तू येतात. अंगणवाडीतून मिळणारं घरपोच आहाराचं पाकीट, आशाताईनं दिलेल्या लाल गोळ्या, शहरात औषधांच्या दुकानातल्या फळीवर मांडलेले गरोदर बायकांसाठीचे पावडरचे डबे. गरिबाच्या घरी वस्तू सरकार देतं, मध्यमवर्ग ती विकत आणतो. समजूत मात्र दोन्हीकडे एकच आहे: शरीरात काहीतरी कमी पडलंय, ते बाहेरून भरलं की बाळ अंगानं भरेल आणि डोक्यानं हुशार निघेल. मला ही समजूत उथळ वाटते. या वस्तू कुचकामी आहेत असं मी म्हणत नाही. त्यांतल्या काहींनी असंख्य जीव वाचवले आहेत. पण ही समजूत वस्तू दारात पोहोचली की थांबते, आणि खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

माझं म्हणणं असं आहे. आईसाठी असो वा बाळासाठी, पूरक आहार लागू पडतो तो तीन अटींवर. एक, उणीव नेमकी ओळखलेली हवी. दोन, तो वेळेवर मिळायला हवा. तीन, तो तोंडापर्यंत नेणारा मोकळा हात हवा. पहिल्या दोन अटींवर निदान तज्ज्ञ बोलतात. तिसरीसाठी आपल्या योजनांच्या रजिस्टरात रकानाच नाही, आणि बाळाच्या मेंदूचा विचार केला तर तीच सगळ्यांत भारी आहे.

१. कशाची उणीव?

जिथे उणीव एका घटकाची असते आणि तो घटक आपल्याला ठाऊक असतो, तिथे पूरक गोष्ट चमत्कार वाटावा असं काम करते. मिठातलं आयोडीन हे त्याचं ठळक उदाहरण. गरोदरपणी आयोडीन फार कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीची हानी होते आणि ती नंतर भरून निघत नाही. मिठात चिमूटभर मिसळलं की ती टळते. फॉलिक ॲसिडचंही तसंच. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा जन्मजात दोष असलेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुढच्या बाळात तो दोष होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असं त्यात दिसलं. अशा पुराव्यापुढे शंका घेण्याचं कारण नाही.

अडचण पुढे येते. एका घटकाचं हे यश पाहून आपण सगळं पोषणच एकेका घटकाचं गणित मानू लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंच्या आसपास भरत. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानानं टिकून होती; कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव. आईनं एकूण किती उष्मांक खाल्ले यापेक्षा तिच्या ताटात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा आलं, याच्याशी बाळाच्या आकाराचा जास्त संबंध दिसला. पुढे आणखी एक गोष्ट हाती लागली. यांतल्या सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते कमी आणि फॉलेट भरपूर, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत जास्त प्रतिरोध आढळला, म्हणजे पुढच्या मधुमेहाची पायवाट.

सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ब-१२ नसतं. म्हणून गोळी बंद करा असा याचा अर्थ कोणी काढू नये. रक्तक्षयानं बाळंतिणी आजही दगावतात. अर्थ इतकाच, की जिच्या ताटात दूध-मांस जवळपास नाहीच, तिची उणीव एका गोळीएवढी नसते. ती ताटाएवढी असते.

शहरी डब्यांकडेही याच नजरेनं पाहावं. गरोदर बायकांना जास्तीच्या प्रथिनांची पावडर देण्याचा सल्ला इतका सर्रास झालाय की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिचं नाव नसेल तर घरचेच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की बाळ-बाळंतिणीच्या भल्यासाठी उच्च प्रथिनांचं पूरक देण्याची शिफारस आम्ही करत नाही. कुपोषित समाजांसाठी संघटनेनं सुचवलं ते प्रथिनं आणि ऊर्जा यांचा समतोल राखणारं पूरक. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अभ्यासात तर अतिप्रथिनांचं पेय घेणाऱ्या गटात फार अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं आणि नवजातांचे मृत्यू वाढलेले दिसले. 'मेंदूसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या डीएचए या मेदाम्लाचंही तेच. ऑस्ट्रेलियात सुमारे २४०० गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली. दीड वर्षाच्या मुलांच्या बुद्धीत एकूण फरक दिसला नाही. आपल्या शेजारी बेळगावात झालेल्या चाचणीतही डीएचए घेतलेल्या आणि न घेतलेल्या आयांची बाळं वर्षाची झाल्यावर विकासात सारखीच होती. ज्या पैशात कितीतरी दिवस रोज अंडं, दूध आणि एक फळ येईल, तो एका डब्यात जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. विकत घेणारे हौसेनं घेत नाहीत, काळजीपोटी घेतात. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

२. वेळ कोणती?

गर्भाची मज्जानलिका, जिच्यातून मज्जारज्जू घडतो ती, साधारण २८व्या दिवशी मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ बायकांना दिवस गेल्याची खात्रीही नसते. मग बाई दवाखान्यात जाणार, नाव नोंदवणार, कार्ड मिळणार, गोळ्या मिळणार. फॉलिक ॲसिडचं हे एक काम करायला तोवर उशीर झालेला असतो.

मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये 'सारस' नावाच्या प्रकल्पात हाच वेळेचा प्रश्न तपासला गेला. पालेभाज्या, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना गर्भ राहण्याआधीपासून रोज द्यायचा, आणि बाळाच्या वजनात फरक पडतो का ते पाहायचं. सगळ्या बायका धरल्या तर वजनातला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. दिवस जाण्याआधी निदान तीन महिने ज्यांनी तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. आई आधीच फार बारीक असेल तर फायदा दिसला नाही. जिच्या अंगात थोडं होतं, तिच्याच बाळाला तो मिळाला. याकडे फारसं लक्ष गेलं नाही, पण मला तो कळीचा मुद्दा वाटतो. लहानपणापासून अर्धपोटी वाढलेल्या पोरीच्या शरीराची भरपाई काही महिन्यांच्या खाऊनं होत नाही. बाळाच्या पोषणाची सुरुवात करायची तर ती तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या ताटापासून करावी लागेल. लग्न ठरेपर्यंत त्या ताटाकडे कुणाचं लक्ष नसतं.

आपल्या परंपरेतही वेळ चुकलेलीच आहे. डिंकाचे, अळिवाचे, मेथीचे लाडू मला प्रिय आहेत, आणि अळिवात लोह असतं हेही खरं. पण हे सगळे लाडू बाळंतिणीच्या वाट्याला येतात, गरोदर बाईच्या नव्हे. उलट पोटात बाळ असताना अनेक घरांत तिला बेतानं खायला सांगतात: बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल, म्हणून. गोळीनं बाळ काळं होतं, हे तर आजही ऐकू येतं. बाळ झाल्यावर चिकाचं दूध पिळून टाकतात आणि त्याच्या जिभेवर मध टेकवतात. आजीबाईच्या बटव्यात सगळं होतं असं म्हणणाऱ्यांनी ही बाजूही बटव्यातच धरावी.

आदिवासी भागात २०१५ पासून चालू असलेली अमृत आहार योजना या बाबतीत विचार करण्यासारखी आहे. गरोदर आणि स्तनदा बाईनं अंगणवाडीत येऊन एक वेळचं चौरस, गरम जेवण तिथेच जेवायचं. मला ही कल्पना पाकिटापेक्षा कितीतरी वरची वाटते, कारण पाकीट घरी गेलं की त्याचे वाटे पडतात. शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्याला त्यातलं काय येतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अंगणवाडीतल्या ताटाचे वाटे पडत नाहीत. पण योजना आखली गेली ती गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून, आणि तोवर गर्भाचे बहुतेक अवयव घडून झालेले असतात.

३. हात कोणाचा?

आता मुख्य मुद्दा. सहा महिने झाले की आईचं दूध पुरेनासं होतं आणि वरचं अन्न सुरू करावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी फक्त ११.३ टक्के बाळांना पुरेसा आहार मिळत होता. हा आकडा गरिबीचा असता तर श्रीमंत घरांत सगळं आलबेल दिसलं असतं. तसं दिसत नाही. हा आकडा मोठ्या अंशानं भरवण्याचा आहे.

सहा-सात महिन्यांच्या बाळाला भरवायला बसा. पहिला घास ते जिभेनं बाहेर ढकलतं. नको म्हणून नव्हे. चोखायला शिकलेली जीभ तशीच हलते. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं, बाळाला आवडत नाही, आणि वाटी बाजूला जाते. माहीत असणारा ओघळलेला घास बोटानं पुन्हा आत सारतो, बाळाच्या डोळ्यांत बघतो, 'आऽऽ' करतो. बाळही तोंड उघडतं. मग त्याचं लक्ष मांजराकडे जातं, मग ते वाटीत हात घालतं, मग शिंकतं. अर्ध्या वाटीला अर्धा तास लागतो, आणि हे दिवसातून तीन-चार वेळा. वेळ नसला की काय होतं? वरणावरचं पाणी भाताला लावून पातळ करून पाजलं जातं, कारण पातळ लवकर संपतं. पोट फुगतं, पोषण होत नाही. घट्ट वरण खाली तसंच राहतं. पाकिटातल्या पिठाचं हेच होतं: ते चमच्यावर टिकेल असं शिजवायला वेळ लागतो, भरवायला त्याहून जास्त. शेवटी ते घरच्या मोठ्या मुलांच्या पोटात जातं किंवा गुरांच्या पुढ्यात.

या अर्ध्या तासात नुसतं अन्न पोटात जात नाही. जन्मताना बाळाचा मेंदू प्रौढ मेंदूच्या साधारण पाव असतो आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पाऊण होतो. त्या वयात शरीराच्या विसाव्याच्या ऊर्जेतला निम्म्याहून जास्त वाटा एकटा मेंदू खातो. पण ऊर्जेनं पेशी जगतात. त्यांची जोडणी होते ती देवाणघेवाणीनं. बाळ आवाज काढतं, कुणीतरी उत्तर देतं. बाळ बोट दाखवतं, कुणीतरी 'काऊ' म्हणतं.

हे भावनेपोटी म्हणत नाही. जमैकात किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुंटलेल्या वाढीच्या ९ ते २४ महिन्यांच्या १२९ मुलांचे चार गट केले. एकाला दर आठवड्याला दुधाची पावडर दिली. दुसऱ्या गटात आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जाई आणि घरी केलेल्या खेळण्यांनी बाळाशी कसं खेळावं, कसं बोलावं हे आईला दाखवी. तिसऱ्याला दोन्ही मिळालं, चौथ्याला यातलं काहीच नाही. दोन वर्षांनी पावडरीचा आणि खेळाचा, दोन्हींचा स्वतंत्र फायदा दिसला. दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढे होती. १९९१ साली 'लॅन्सेट'नं हे छापलं. खरी गोष्ट पुढची आहे. मुलं शाळेत वाढत गेली तसा पावडरीचा फायदा विरत गेला. खेळाचा टिकला. ती मुलं बाविशीच्या आसपास पोहोचली तेव्हा खेळाच्या गटातल्यांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्के जास्त भरली. आठवड्यातला एक तास, दोन वर्षं, आणि परिणाम वीस वर्षांनंतरच्या पगारात.

आक्षेप, आणि त्यांची उत्तरं

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे: उपाशी माणसाला तुम्ही खेळाचं महत्त्व सांगताय. ग्वाटेमालातल्या चार खेड्यांचा अनुभव या आक्षेपाच्या बाजूचा आहे. १९६९ ते १९७७ या काळात दोन गावांना 'आतोले' नावाची प्रथिनयुक्त पेज मिळाली आणि दोन गावांना प्रथिनं नसलेलं सरबत. पहिल्या दोन वर्षांत पेज मिळालेल्या मुलग्यांची मोठेपणी तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त होती. तेव्हा अन्नानं आयुष्य बदलतं, यात वाद नाहीच. पण ती पेज दिली कशी गेली ते पाहा: गावातल्या ठरलेल्या जागी, दिवसातून दोनदा, बाळ स्वतः पिताना, आणि पेल्यात उरलेलं मोजून. तिथे अन्न आणि हात दोन्ही होते. म्हणून मी पाकिटाऐवजी हात मागत नाही, पाकिटाबरोबर मागतो. आणि पाकिटाचा दर्जा आधी. २०१७ साली केंद्रानं अंगणवाडीतल्या बाळाच्या आहारासाठी दिवसाला ८ रुपये ठरवले आणि पुढे कित्येक वर्षं तोच दर राहिला. त्या ८ रुपयांत ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची. त्यातून अंगणवाडीच्या आहाराचं काम ठेकेदारांना देऊ नका, बचत गटांना आणि महिला मंडळांना द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली सांगावं लागलं. आणि महाराष्ट्रातल्या निविदांवरून तोच वाद २०१९ साली पुन्हा त्याच न्यायालयापुढे गेला.

दुसरा आक्षेप: भरवण्यावर बोट ठेवणं म्हणजे आईलाच दोष देणं. आजवरची सगळी 'जनजागृती' तशी झाली आहे हे मला मान्य आहे. भिंतीवर चित्र काढायचं, आईनं काय करावं ते लिहायचं, आणि मोकळं व्हायचं. मी हात म्हणतो तेव्हा मला सल्ला अभिप्रेत नाही, वेळ अभिप्रेत आहे, आणि गरिबाच्या घरात वेळ म्हणजे मजुरी. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला निदान ६००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेनं पहिल्या बाळापुरते ५००० केले. त्याच वर्षी संघटित क्षेत्रातल्या बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. दोघींच्या बाळांना सहा महिने निव्वळ आईचंच दूध हवं असतं. एकीला तेवढे दिवस मिळाले, दुसरीला थोड्या दिवसांच्या मजुरीएवढे पैसे.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा: हात मोजता येत नाही, गोळ्या मोजता येतात. गोळ्या तरी कुठे मोजल्या जातात? वाटलेल्या मोजल्या जातात. २०१९-२१ मध्ये देशात फक्त २६ टक्के बायकांनी मागच्या गरोदरपणी १८० दिवस गोळ्या खाल्ल्याचं सांगितलं. मळमळतं, शौचाला काळं होतं, चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमबरोबर घेतली तरी नाही. हे तिच्याशेजारी दहा मिनिटं बसून कुणी सांगितलेलं नसतं. तीसुद्धा हाताचीच उणीव.

कोपीतला दिवस

महाराष्ट्रात २००५-०६ साली पाच वर्षांखालची ४६.३ टक्के मुलं खुंटलेल्या उंचीची होती. २०१५-१६ मध्ये ती ३४.४ टक्क्यांवर आली. ही मोठी कमाई होती. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पुढच्या फेरीत आकडा ३५.२ झाला, म्हणजे तिथेच अडकला. जे पाकिटं पोहोचवून होण्यासारखं होतं ते बरंचसं झालं आहे, असं मी याचं वाचन करतो. अडकलेलं आहे ते त्यापुढचं.

ते कुठे अडकलंय हे बघायचं तर ऊसतोडीच्या फडावर जावं. बीड, अहिल्यानगर, धाराशिवकडून दिवाळीच्या आगेमागे जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाची आगाऊ उचल. पहाटे अंधारात आई फडात जाते. खाडा पडला की पैसे कापले जातात, मग तो बाळाच्या तापासाठी असो वा तिच्या बाळंतपणासाठी. बाळ कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत राहतं, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. मूळ गावच्या अंगणवाडीत बाळाच्या नावचं पाकीट येतं, पण बाळ तिथे नसतं. कारखाना या बाईला आपली कामगार मानत नाही, ती मुकादमाची. त्यामुळे पाळणाघराचा कायदाही तिच्यापर्यंत येत नाही. या बाळाला कोणती पावडर द्यावी, हा प्रश्न मला अर्थहीन वाटतो. ती कालवणार कोण आणि भरवणार कोण?

छत्तीसगडमध्ये २०१२ च्या सुमारास सरगुजा भागात 'फुलवारी' सुरू झाल्या. सहा महिने ते तीन वर्षांची बाळं गावातल्या एका जागी दिवसभर राहतात, गरम जेवण तिथे शिजतं, आणि आयाच पाळीपाळीनं त्यांना भरवतात, खेळवतात. बाकीच्या कामावर जातात. आपल्याकडेही सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या साथीनं अंगणवाडी सेविकांना बाळाशी खेळण्या-बोलण्याचं शिक्षण देणारा 'आरंभ' कार्यक्रम झाला आहे. म्हणजे जमैकातला तो एक तास मराठीत कसा भरवायचा, हे आपल्या सेविकांना माहीत आहे. दोन्ही गोष्टी ऊसतोडीच्या तळावर एकत्र आणायला नवा शोध लागत नाही. वीस कोप्यांच्या तळावर दोन बायकांनी फडात जायचं नाही. त्यांनी अंडी उकडायची, वरण घट्ट शिजवायचं, बाळांना मांडीवर घेऊन घास भरवायचे आणि मोठ्या बहिणींना शाळेत पिटाळायचं. आणि त्या दिवसाची पूर्ण हजेरी त्यांच्या नावावर लागायची, उचलीतून एक रुपयाही न कापता.